उत्तर: ६० लाखांचा फ्लॅट, ८ लाखांचं काम, ७५ लाखांना विक्री

"६० ला घेतला, ८ लावले, ७५ ला विकला, म्हणजे ७ लाख सुटले" हा जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकण्याबद्दलच्या पोस्टमधला हिशोब नवख्यांना फार महागात पडेल. किचन आणि बाथरूमवरच पैसा लावा, हा त्यातला सल्ला मात्र अगदी पटला.

या हिशोबात मुद्रांक शुल्कच नाही. पुणे महापालिका हद्दीत ते ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. आणि हे शुल्क करारातली किंमत व रेडी रेकनरप्रमाणे (सरकारने ठरवलेल्या दराने) येणारी किंमत यांतली जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. घेताना आणि विकताना एजंटला एकेक टक्का दिला, तर आणखी १ लाख ३५ हजार गेले. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम), काम चालू असतानाचा मेंटेनन्स आणि कर्जाचा हप्ता वेगळाच. ते धरायच्या आधीच उरलं जेमतेम लाखभर! खरेदी फक्त बायकोच्या किंवा आईच्या नावावर केली तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, इथे तेच ६० हजार होतात.

शिवाय २४ महिन्यांच्या आत विकलं की नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. म्हणून कामाचा खर्च नफ्यातून वजा दाखवता यावा यासाठी प्लंबर, टाइल्सवाला, सुतार, सगळ्यांकडून पक्की बिलं घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या. आम्ही जुना फ्लॅट विकला तेव्हा सीएने पहिल्यांदा तीच मागितली. रोखीने केलेल्या फर्निचरचा खर्च दाखवताच आला नाही.