200 च्या बीआरएमआधी: बसण्याची आग, बधिर बोटे आणि उजवा गुडघा

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. दिवाळीनंतरच्या थंडीत 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) पूर्ण करावी, असा मानस आहे. दम पुरतो आणि मांड्याही साथ देतात; अडचण आहे ती वेगळ्याच तीन ठिकाणी. साधारण 60 ते 70 किलोमीटरनंतर बसण्याच्या जागी आग होऊ लागते आणि 100 च्या सुमारास सीटवर धड बसवत नाही. त्याच वेळी दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. हात झटकला की तेवढ्यापुरते बरे वाटते. तिसरे दुखणे उजव्या गुडघ्याचे, वाटीच्या समोरच्या बाजूस, आणि तेही मुख्यतः खंबाटकी घाटासारख्या चढावर.

वय 46, वजन 78 किलो, सायकल सरळ हँडलची हायब्रीड. मूळची रुंद सीट काढून एका दुकानदाराच्या सल्ल्याने निमुळती रेसिंगची सीट बसवली आणि ती टणक वाटली म्हणून तिच्यावर जाड जेलचे कव्हर चढवले. पहिले काही किलोमीटर गादीवर बसल्यासारखे वाटते, पण पुढचा त्रास पूर्वीपेक्षा वाढलाच आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये पाणी, पंक्चरचे सामान आणि खाणे मिळून तीनेक किलोंचे ओझे असते.

आमच्या गटातील काहींचे म्हणणे असे की, अंगाला सवय होईल, दुर्लक्ष करावे. तर काहींनी निघण्यापूर्वीच वेदनाशामक गोळी घेण्याचा सल्ला दिला आहे. साडेतेरा तासांच्या मर्यादेत थांबायला फारसा वाव नसतो, हेही डोळ्यांसमोर आहे. यांतले काय सवयीने जाते आणि काय सायकलमध्ये बदल केल्याशिवाय जाणार नाही, हे जाणकारांनी सांगावे.

घाटवाट

सर्वप्रथम ते जेलचे कव्हर काढून टाका. सायकलवर वजन बसण्याच्या दोन हाडांवर पेलले गेले पाहिजे. मऊ जाड थरात ही हाडे रुततात आणि मधला नाजूक भाग, जिथे मुळीच दाब येता कामा नये, तो वर आलेल्या जेलवर दाबला जातो. शिवाय कव्हर पॅडलच्या प्रत्येक फेरीबरोबर थोडे सरकते आणि त्या घर्षणाने कातडी सोलवटते. सवयीने जे जाते ते हाडांवरचे ठणकणे. नियमित सायकल चालवणाऱ्याला काही आठवड्यांत ते जाणवेनासे होते. कातडीची आग आणि बधिरपणा हे मात्र सवयीचे विषय नाहीत, त्यांना कारण असते आणि ते शोधावे लागते.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय सीटच्या रुंदीचा आहे. घरच्या घरी मोजता येते. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा जिन्याच्या टणक पायरीवर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, थोडे पुढे वाका, टाचा किंचित उचला आणि मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. तिरप्या उजेडात ते अधिक स्पष्ट दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजा. त्यात सुमारे 20 ते 30 मिलिमीटर मिळवले की सीटच्या मागच्या भागाची रुंदी साधारण कळते. जो जितका ताठ बसतो, त्याला तितकी जास्त रुंदी लागते, आणि सरळ हँडलवर आपण बऱ्यापैकी ताठच बसतो. रेसिंगची निमुळती सीट कंबरेतून खोल वाकणाऱ्यांसाठी असते. दुकानात ती दिसते छान, एवढेच.

आता हातांकडे. बोटांचे दुखणे पुष्कळदा सीटपासूनच सुरू होते. सीटचे टोक खाली झुकलेले असेल, तर शरीर सतत पुढे घसरत राहते आणि ती घसरण आपण नकळत तळहातांनी रोखून धरतो. सपाट जमिनीवर सायकल उभी करून सीटवर पाणसळ ठेवा, मोबाइलमधली चालेल, आणि सीट सपाट करा. त्यानंतर सॅक पाठीवरून उतरवून सायकलच्या पिशव्यांमध्ये टाका, कारण पाठीवरचा प्रत्येक किलो शेवटी सीट आणि तळहात यांनाच भरावा लागतो.

वेळेची भीती बाळगू नका. 200 किलोमीटरला साडेतेरा तास म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटरपेक्षाही किंचित कमी. तुम्ही चालत्या सायकलवर ताशी 20 ची सरासरी राखू शकत असाल, तर दहा तास चालवणे आणि साडेतीन तास हाताशी. दर तासाला पाच मिनिटे सायकलवरून उतरलात, तरी त्यातला तासही खर्च होत नाही.

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सायकलवाले रुग्ण नेहमी येतात. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

गुडघ्याच्या वाटीसमोर, विशेषतः चढावर दुखते, तेव्हा बहुतेक वेळा दोन कारणे एकत्र नांदत असतात: सीट खाली असणे आणि जड गिअर रेटणे. सीट खाली असली की पॅडल वरच्या टोकाला असताना गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि तशा अवस्थेत जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खालच्या टोकाला न्या; पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवडा पॅडलवर ठेवल्यावर गुडघ्यात हलकी वाक राहते, आणि तीच हवी असते. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरचाच करावा आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन फेऱ्या मारून पाहाव्यात. सीट फार वर गेली, तर कंबर डावी-उजवीकडे डोलू लागते आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ बसते, त्यामुळे उत्साहाच्या भरात एकदम दोन सेंटिमीटर चढवू नये. चढावर मिनिटाला पॅडलच्या 50 फेऱ्यांनी जड गिअर ओढण्यापेक्षा गिअर हलका करून 70 च्या वर फेऱ्या ठेवल्या, तर तेवढ्याच चढाचा भार अनेक लहान हप्त्यांत विभागला जातो. दुखणे फक्त उजवीकडेच आहे, म्हणून दोन पायांच्या लांबीत किंवा नितंबाच्या स्नायूंच्या ताकदीत फरक आहे का, हेही कोणाकडून तरी तपासून घ्यावे.

करंगळी आणि शेजारच्या बोटात मुंग्या येतात, याचा अर्थ अल्नर मज्जातंतू मनगटाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेखाली दाबला जात आहे. अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर झाले असते, तर वेगळ्या नसेचा विचार करावा लागला असता. मनगट मागे मोडून हँडलवर रेलण्याची सवय सोडा, मनगट आणि हात एका रेषेत ठेवा, कोपर किंचित वाकलेले राहू द्या. सरळ हँडलचा दोष हा की त्यावर पकड एकच असते. टोकांना बार-एंड (शिंगांसारख्या आखूड मुठी) लावले, तर दुसरी पकड मिळते आणि चढावर तीच जास्त सोयीची ठरते. फेरी संपल्यावर दुसऱ्या दिवशीही बोटे बधिर राहिली, किंवा शर्टाचे बटण लावताना, किल्ली फिरवताना पकड कमी वाटली, तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि बहुतेक पुरुष ती लिहीत नाहीत, म्हणून मीच विचारतो: जननेंद्रियाच्या भागात बधिरपणा येतो का? येत असेल, तर तो प्युडेंडल मज्जातंतू आणि तिथल्या रक्तवाहिन्या यांच्यावरच्या दाबाचा स्पष्ट इशारा आहे. त्याला सहनशक्तीची परीक्षा समजू नये. मधोमध खाच असलेली, योग्य रुंदीची सीट आणि अधूनमधून पॅडलवर उभे राहणे यांनी बहुतेकांचा प्रश्न सुटतो. न सुटल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

गोळीबद्दल माझे मत ठाम आहे: निघण्यापूर्वी घेऊ नका. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक गटातल्या गोळ्या शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि आठ-दहा तास उन्हात घाम गाळणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडण्याची शक्यता मोठी असते. पोटालाही त्या त्रास देतात. शिवाय जी वेदना गिअर हलका करायला सांगत होती, तीच गप्प होते.

मुळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पुठ्ठ्याचा प्रयोग केला: अंतर 125 मिलिमीटर आले आणि माझ्या सीटची मागची रुंदी 132 मिलिमीटर आहे. टाचेच्या पद्धतीने पाहिले, तर सीट चांगलीच खाली निघाली. पाय टेकवायला सोपे जावे म्हणून ती तशी ठेवली होती. टोकही झुकलेले होते. अस्थिबंध यांच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि तो विचारल्याबद्दल वेगळे आभार. आता 150 च्या आसपास रुंदीची, मधोमध खाच असलेली सीट पाहतो आहे. ती अंगवळणी पडायला किती अवधी धरावा? पॅडच्या शॉर्ट्सखाली मी अंतर्वस्त्र घालतो, ते योग्य आहे का? लावायला क्रीमच हवे, की खोबरेल तेल चालेल?

गोदाकाठची

अंतर्वस्त्र अजिबात घालू नये. सायकलची शॉर्ट्स थेट कातडीवर घालण्यासाठीच शिवलेली असते. आत सुती कापड आले की ते घाम धरून ठेवते आणि त्याची शिवण नेमकी हाडाखाली येते. तुमच्या आगीचा निम्मा खुलासा मला तरी इथेच दिसतो. कातडी बिघडते ती दाब, ओल आणि घर्षण एकत्र आल्यामुळे, आणि घाम वाळून उरलेले मिठाचे कण त्यात भर घालतात. खोबरेल तेल लवकर जिरते, दोन-तीन तासांत त्याचा उपयोग संपतो. साधी पेट्रोलियम जेली जास्त टिकते, फक्त पॅडवरून धुऊन काढायला चिवट असते. 100 किलोमीटरनंतर एकदा पुन्हा लावावी, बीआरएमच्या वाटेवरच्या नियंत्रण केंद्रावर (जिथे स्वारांची नोंद होते) स्वच्छतागृह मिळतेच. घरी पोहोचल्यावर चहा नंतर, आधी शॉर्ट्स उतरवून आंघोळ. ओल्या शॉर्ट्समध्ये गप्पा मारत बसणाऱ्यांना जे फोड येतात, ते सायकलवर आलेले नसतात. धुतलेली शॉर्ट्स उलटी करून उन्हात वाळवावी आणि एकच जोडी दोन दिवस ओढू नये. त्या भागातील केस वस्तऱ्याने काढू नयेत. उगवत्या केसांच्या मुळांशी घर्षणाने पुळ्या येतात.

महिला सदस्यांसाठी थोडे स्वतंत्रपणे लिहिते, कारण अशा धाग्यांवर सल्ले बहुधा पुरुषांना धरून दिले जातात. आपल्या बसण्याच्या हाडांमधले अंतर सरासरीने जास्त असते, त्यामुळे सायकलबरोबर आलेली सीट अरुंद पडण्याची शक्यताही जास्त. त्रास मुख्यतः समोरच्या बाजूस होतो आणि तो टाळण्यासाठी टोक खाली झुकवण्याचा मोह होतो. अगदी किंचित झुकवले तर चालते, त्यापेक्षा जास्त झुकवले की वर घाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे सगळा भार तळहातांवर येतो. मधली खाच लांब असलेली, आखूड टोकाची सीट मला सर्वांत मानवली.

नव्या सीटसाठी निदान महिनाभर हाताशी ठेवा आणि त्यात 100 च्या पुढची एक फेरी अवश्य करा, कारण 40 किलोमीटरला उत्तम वाटणारी सीट 120 ला कशी वाटेल, हे 40 वर कळत नाही.

मानेचा विषय अद्याप निघालेला नाही. 200 ला मान आखडते, एवढेच. पण अंतर वाढत जाते, तसे हे दुखणे गंभीर होत जाते. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करणाऱ्या रेस अक्रॉस अमेरिकासारख्या सुमारे 4800 किलोमीटरच्या शर्यतीत काही स्वारांच्या मानेचे स्नायू इतके थकतात, की डोके उचलून धरण्याची शक्तीच उरत नाही. आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली ती शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून इथे या विषयावर पुष्कळ बोलले जाते. तुमच्यासाठी उपाय साधा आहे: हेल्मेटची पुढची झडप (व्हायझर) नजरेच्या आड येत असेल तर ती काढा, कारण तिच्याखालून रस्ता पाहण्यासाठी मान सतत वर उचलावी लागते, आणि खांदे कानांपासून खाली सोडा.

पंचगंगा

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. दर तासाला उतरण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. उतरलेला माणूस पाच मिनिटांत परत चढत नाही. चहा येतो, फोन निघतो, कोणीतरी पंक्चरची कहाणी सुरू करतो आणि वीस मिनिटे सहज जातात. पाय थंड पडतात ते वेगळेच. त्याऐवजी दर दहा-पंधरा मिनिटांनी गिअर एक-दोन घरे जड करून अर्धा मिनिट पॅडलवर उभे राहावे. सीटखाली रक्त पुन्हा खेळू लागते, पाठ सरळ होते आणि वेळही मोडत नाही. सपाट रस्त्यावर याचा हमखास विसर पडतो, म्हणून मी उड्डाणपूल दिसला की उठतो. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत महामार्गावर पुलांची ददात नाही.

टायरकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. हायब्रीडला बहुधा 35 मिलिमीटरचे टायर असतात आणि पंपवाला बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा ठोकून देतो. तो आकडा मर्यादेचा असतो, शिफारशीचा नव्हे. तुमच्या वजनाला 55 ते 60 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पुरेसे आहे, पुढच्या चाकात त्याहून थोडे कमी. टणक टायर रस्त्याची प्रत्येक खरखर मनगटापर्यंत पोहोचवतो, आणि टोलनाक्याआधीच्या त्या आडव्या पांढऱ्या पट्ट्यांवरून एकदा 85 पीएसआयवर आणि एकदा 58 पीएसआयवर जाऊन पाहिले, की वेगळा पुरावा लागत नाही. पट्ट्यांवर उठून उभे राहावे, हे आलेच.

पाण्याबाबत थोडक्यात: तासाला अर्धा ते पाऊण लिटर, एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात कालवलेले ओआरएस. नुसते साधे पाणी दिवसभर ढोसत राहणेही घातक ठरू शकते, कारण रक्तातले सोडियम त्याने उतरते. खाणे दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडे थोडे, केळे, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, दहीभात, असे ओळखीचेच असावे. मिसळ कोल्हापूरला पोहोचल्यावर.

मुळाकाठ यांना एक सुचवणे आहे. सीटची रुंदी, उंची, टोक, बार-एंड आणि हवा हे सगळे एकाच रविवारी बदलू नका, नाहीतर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, याचा पत्ता लागणार नाही. उंची आणि टोक आजच नीट करा, त्यांना पैसे लागत नाहीत. सीट पुढच्या आठवड्यात. बार-एंड त्यानंतरही बोटे बधिर होत असतील तरच. आणि सीटपोस्टवर (सीटखालच्या दांडीवर) जुन्या उंचीच्या खुणेला चिकटपट्टी लावून ठेवा.