अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी
गावकऱ्यांना सोबत घेऊन होणाऱ्या कार्यशाळांबद्दल एक तक्रार असते: ‘कार्यशाळेत भिंतीवर चिठ्ठ्या चिकटतात, निर्णय मात्र होत नाही.’ ती खरी आहे. पण निर्णय तिथंच व्हावा हा आग्रह मला पटत नाही. गडचिरोलीतलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव बघा. अभ्यासगटात नुसती चर्चा, बाहेरचा जाणकारही बसतो. निर्णय ग्रामसभेचा, तोही मतदानानं नाही, सर्वसहमतीनं. वेळखाऊ आहेच. पण २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क (गावानं मिळून जंगल वापरायचा अन् राखायचा हक्क) अन् २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला, त्यामागं ही बैठक मारण्याची सवय आहे.

नाहीतर पाणलोटाच्या बैठका! साहेब बोलतात, बाकीचे माना डोलावतात. त्यापेक्षा जमिनीवर रांगोळीनं शिवाराचा नकाशा काढायला लावा. कोणती विहीर कधी आटते, बायाच पटापट दाखवतात.