विज्ञानकथेवर खरं मत कोण देणार?

चकवा:
पहिलीच विज्ञानकथा लिहिलीय, कोकणातल्या एका विहिरीत वेळ उलटा वाहतो अशी. मित्रांना वाचायला दिली तर सगळे "भारी रे" म्हणून मोकळे, एकाने तर शेवट वाचलाच नव्हता हे नंतर कळलं. खरं मत मिळवायचं कसं?

निशाचर:
नाव काढून दे. १९७४ ला जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर कोणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, तरी पहिलं बक्षीस! त्यांना नावाचे मार्क नको होते, तुला दोस्तीचे नकोयत.

पाटीपेन्सिल:
मला पाठवलीयस ना, मग ऐकच. पहिली दोन पानं आजोबा क्वांटम समजावत बसतात तिथे मी जांभया दिल्या. पण रहाटाचा दोर वर येता येता कोरडा होत जातो ते वाचून काटा आला अंगावर, तिथूनच सुरू कर की.

चकवा:
आजोबा कापले. जीवावर आलं पण.