304 च्या काकांचे 42 लाख (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-304: नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात 58 पूर्ण होऊन रिटायर झालो. पीएफ, ग्रॅच्युइटी धरून 42 लाख सेव्हिंगला पडून आहेत. फार वाढायला नकोत, मुद्दल शाबूत राहिलं म्हणजे झालं. कुठे ठेवू?

बी-101: अभिनंदन काका! सरळ एफडी करा आणि निवांत झोपा.

सी-502: एकाच बँकेत नको. बँक बुडाली तर ठेवींचा विमा 5 लाखांपर्यंतच आहे.

बी-101: मग 5-5 लाखांच्या आठ पावत्या करायच्या. हाय काय नाय काय!

सी-502: पावतीमागे नाही हो, बँकेमागे. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या ठेवींची बेरीज धरतात, व्याजासकट. बरोब्बर 5 लाख ठेवलेत तर वरचं व्याजही उघड्यावर.

ए-207: आमच्या पतसंस्थेत जास्त व्याज देतात. चेअरमन ओळखीचे आहेत.

सी-502: पतसंस्थेला हा विमा लागूच नाही, दादा.

डी-403: ओळखीचं मी सांगते. आईचे 11 लाख घराजवळच्या सहकारी बँकेत होते. मॅनेजर तिला काकू म्हणायचा. एका सकाळी शटरवर कागद. तेव्हा विमा 1 लाखाचाच होता, 2020 च्या फेब्रुवारीत 5 झाला. आई तरी दर सोमवारी जाऊन पासबुक भरून आणायची. पासबुकात 11 लाख, हातात काही नाही. मॅनेजर म्हणाला, "काकू, माझेही इथेच अडकलेत."

सी-502: 2021 ला कायदा बदलला, आता बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की 90 दिवसांत विम्याचे पैसे मिळतात. पण तेही 5 लाखांपर्यंतच. बाकीच्या पैशांची वाट बघत बसायचं.

ए-304: म्हणजे मी नऊ बँकांत खाती उघडू? मला एका एटीएमचा पिन आठवत नाही 😄

डी-403: नाही काका. पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम बघा, बँकेतही उघडता येते. माणशी 30 लाखांपर्यंत, हमी सरकारची. मुदत 5 वर्षं, उघडताना जो दर असेल तोच शेवटपर्यंत, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. व्याजावर टॅक्स मात्र आहे. आणि साठीची वाट बघत बसू नका. 55 ते 60 मध्ये रिटायर झालेल्यांना पैसे हातात आल्यापासून 3 महिन्यांत खातं उघडावं लागतं. तुमचा एक महिना गेलासुद्धा.

सी-502: आणि वर्षाच्या आत मोडलं तर व्याज शून्य. त्यामुळे दवाखान्यापुरते वगैरे बाहेर ठेवा. उरलेले दोन-तीन बँकांत.

ए-304: बँकेतला मुलगा तर म्हणत होता, एफडीसारखंच आहे, गॅरंटीड, फक्त 10 वर्षं दरवर्षी भरायचे.

सी-502: काका, ती विमा पॉलिसी आहे. सही केली नाहीत ना?

ए-304: परवा केली. पहिला हप्ता 4 लाख.

सी-502: पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. किरकोळ कापून पैसे मिळतात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नुसतं तोंडी सांगून येऊ नका.

डी-403: उद्या 11 ला मी येते तुमच्याबरोबर. पॉलिसीचे सगळे कागद घ्या, पाकीटसुद्धा फेकू नका.

ए-304: बरं झालं इथे विचारलं. हिला अजून सांगितलेलं नाही.

बी-101: काका, काकू ग्रुपवर आहेत 🙈

बी-101: बाय द वे, आपल्या सोसायटीचा सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला) कुठे असतो?

सचिव: सहकारी बँकेत. 38 लाख.

बी-101: एकाच?

सचिव: हो, पण पावत्या सहा आहेत.

सी-502: सचिवसाहेब, जरा वर जाऊन वाचा. बेरीजच धरतात. सोसायटी म्हणजेही एकच ठेवीदार.

सचिव: वाचलं. पण आपल्याला मनाला येईल तिथे ठेवता येत नाही, सहकार कायद्याचं कलम 70 आहे.

खजिनदार: दोन पावत्या पुढच्या महिन्यात सुटतायत. रिन्यू करू नका. ऑडिटरना विचारून रविवारच्या मीटिंगला यादी आणतो.