व्यावसायिक लेखन: परीक्षेत चालतं ते ऑफिसात का चालत नाही?

प्रश्न
वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौकशीपत्र, तक्रारपत्र, स्मरणपत्र, मायना, संदर्भ सगळं पाठ आहे, मार्कही चांगले पडतात. पण इंटर्नशिपमध्ये माझे मेल 'मुद्दा काय?' एवढंच लिहून परत येतात. व्याकरण तर बिनचूक असतं. मग कंपन्या नेमकं बघतात काय?

प्रतिसाद १
मी खरेदी विभागाची टीम सांभाळते. व्याकरण मी शेवटी बघते. आधी बघते की मेल वाचून मला निर्णय घेता येतोय का. परवा एक मेल आला. विषय: 'पुरवठादाराबाबत'. मग संदर्भ, झालेल्या बैठकीचा वृत्तांत, दोघांच्या दरांची चर्चा, आणि अगदी तळाशी 'तरी योग्य तो निर्णय व्हावा'. कोणता निर्णय? कधीपर्यंत? तोच मेल असा हवा होता: विषय, 'शुक्रवारपर्यंत मंजुरी हवी: पॅकिंगचा पुरवठादार बदलणे'. पहिली ओळ, 'सध्याचा माल सतत उशिरा येतोय, म्हणून दुसऱ्याला सहा महिन्यांची ऑर्डर द्यावी असं सुचवतो. दर ४ टक्क्यांनी वाढेल.' बाकी तपशील खाली. वाढणारा दर पहिल्याच ओळीत सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

परीक्षकाला शेवटपर्यंत वाचण्याचेच पैसे मिळतात. मॅनेजर दोन मीटिंगच्या मधे फोनवर वाचतो. सगळा फरक इथे आहे.

प्रतिसाद २
सहमत, पण साचा अगदीच टाकून देऊ नका. नोटीस किंवा करारासंबंधीच्या पत्रात तारीख आणि संदर्भ क्रमांक राहिला तर पुढे वाद होतो. आणि थोडक्यात लिहायचं म्हणजे नुसते तुटक मुद्दे टाकायचे, असंही नाही. ॲमेझॉनमध्ये संस्थापक जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि सलग वाक्यांतलं टिपण मागितलं. सलग लिहिताना कारण आणि परिणाम जोडावेच लागतात, विचारातली पोकळी लगेच दिसते.

प्रश्नकर्ता
वाईट बातमी असेल तर? पुस्तकात आधी सौम्य प्रस्तावना, मग कारणं, मग नकार असा क्रम दिलाय.

प्रतिसाद १
नाराज ग्राहकाला लिहिताना तो क्रम उपयोगी पडतो, तिथे तो जरूर वापर. पण ऑफिसच्या आत अजिबात नको. 'माल सोमवारी येणार नाही, बुधवारी येईल' हे पहिल्या ओळीत असेल, तर मी तेवढ्यात उत्पादनाचं वेळापत्रक हलवू शकते. तीन परिच्छेदांनंतर कळलं तर तोवर मी सोमवारची माणसं बोलावून बसलेली असते. आणि उशीर का झाला, याआधी आता काय करतोयस ते लिही. उशिराचं कारण मी नंतर विचारेनच.