जुना रोमिओ, नवा रोमिओ: नाटकाशी इमान नक्की कुणाचं?

विंगेतून
शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’वरच्या सिनेमांचा विषय निघाला की वाटणी ठरलेली. फ्रँको झेफिरेल्लीचा १९६८चा सिनेमा पारंपरिक, म्हणून नाटकाशी इमान राखणारा. बाझ लुहरमनचा १९९६चा आधुनिक, म्हणजे पोराटोरांसाठी घातलेला धुडगूस. माझ्या मते हे बरोबर उलटं आहे.

इटलीतली जुनी गावं, मखमली पोशाख, नीनो रोताचं संगीत हे सगळं झेफिरेल्लीकडे आहे. छायाचित्रण आणि वेशभूषेची ऑस्करं त्याला मिळाली, ती योग्यच. पण ज्युलिएटचं काय केलं? मेल्याचं सोंग वठवायला झोपेचं औषध पिण्याआधी नाटकातली ज्युलिएट एकटीच बोलत सुटते. धर्मगुरूने चोरून लग्न लावल्याचं आपलं बिंग लपवायला खरंच विष दिलं असेल तर? वेळेआधी जाग आली आणि तळघरात श्वास कोंडला तर? पूर्वजांच्या हाडांत, रोमिओने मारलेल्या मामेभावाच्या, टिबॉल्टच्या ताज्या प्रेताशेजारी वेड लागलं तर? चौदा पूर्ण व्हायला दोन-अडीच आठवडे असलेली मुलगी हा सगळा हिशोब करते आणि तरीही पिते. झेफिरेल्लीने हे स्वगतच उडवलं. त्याची ज्युलिएट प्रेमाकडे बळ मागते आणि बाटली तोंडाला लावते. रात्रीची वाट पाहतानाचं स्वगत गेलं. गरिबीपायी विष विकणारा औषधवालाही गेला, त्यामुळे रोमिओकडे विष आलं कुठून हे कळतच नाही.

लुहरमनने पिस्तुलांवर ‘तलवार’ कोरून घेतलं, पण संवाद शेक्सपिअरचेच ठेवले. औषधवाला आहे. रात्रीचं स्वगत, थोडं कापून का होईना, आहे. मुख्य म्हणजे नाटकातला चावटपणा, गोंगाट आणि घाई आहे. सुंदर पोशाख म्हणजे परंपरा नव्हे.

तिसरी_घंटा
असहमत. काटछाट दोघांनीही दणकून केली आहे, निम्म्याहून बरंच कमी नाटक दोघांकडे उरलंय. औषधाचं स्वगत लुहरमननेही पूर्ण ठेवलेलं नाही, हे तुम्ही सोयीने गाळलंत. दोघांच्याही सिनेमात पॅरिस, म्हणजे घरच्यांनी ज्युलिएटसाठी ठरवलेला नवरा, मरत नाही, म्हणजे रोमिओच्या हातून झालेला दुसरा खून दोघांनीही त्याला माफ केलाय.

काय कापलं यापेक्षा त्या जागी काय आलं ते बघा. झेफिरेल्लीचा मर्क्युशिओ, रोमिओचा दोस्त, भर उन्हात चौकात लढतो तो चेष्टा म्हणून. जखम झाल्यावरही दोस्तांना तो सोंगच करतोय असं वाटतं. तो शाप देतोय आणि ते हसताहेत. तो पडतो तेव्हा ते हसू जिथल्या तिथे थिजतं. हे कागदावर नाही, पण नाटकाच्या पोटातलं आहे. लुहरमनकडे त्याच जागी आभाळ भरून येतं, वारा सुटतो. दुःख होतंय हे प्रेक्षकाला हवामान खात्याने कळवायचं?

आणि ‘पारंपरिक’ कुणाला म्हणताय? १९३६च्या हॉलिवूडपटात रोमिओ झालेला लेस्ली हॉवर्ड त्रेचाळीस वर्षांचा होता आणि ज्युलिएट झालेली नॉर्मा शिअरर चौतिशीची. खरीखुरी कोवळी पोरं घेणारा झेफिरेल्ली त्या काळातला बंडखोरच होता.

लिंबूटिंबू
कोवळ्या पोरांचं कौतुक जरा जपून. शयनगृहातल्या नग्नतेवरून झेफिरेल्लीची ज्युलिएट ऑलिव्हिया हसी आणि रोमिओ लेनर्ड व्हाइटिंग यांनी २०२२च्या अखेरीस पॅरामाउंट या चित्रपट कंपनीवर खटला भरला होता, आपण अल्पवयीन होतो म्हणून. २०२३मध्ये कोर्टाने तो फेटाळला. कायद्याचं काय ते कायदा जाणे, पण तो प्रसंग आता मी पूर्वीसारखा बघू शकत नाही. लुहरमनची ज्युलिएट क्लेअर डेन्सलाही चित्रीकरणाच्या वेळी अठरा पूर्ण नव्हती. तिला तसं उघडं न दाखवता सिनेमाचं काही अडलं नाही.

गावठी_समीक्षक
धागाकर्त्यांना एकच प्रश्न. लुहरमनची ज्युलिएट रोमिओ मरायच्या आधी जागी होते. तिचा हात त्याच्या गालाला लागतो आणि त्याच क्षणी तो विष पितो. हे कुठल्या इमानात बसतं? सरळसरळ अश्रूंची वसुली आहे.

विंगेतून
वसुली असेल, पण नवी नाही. डेव्हिड गॅरिक या नटाने १७४८मध्ये लंडनच्या रंगभूमीवर हेच केलं. ज्युलिएट आधी जागी होते आणि मरणाऱ्या रोमिओशी बोलते. त्यासाठी त्याने स्वतः संवाद लिहिले. प्रेक्षकांनी जवळजवळ शंभर वर्षं तेच नाटक शेक्सपिअरचं म्हणून पाहिलं. शेक्सपिअरच्या आधीच्या बांदेल्लोच्या इटालियन कथेतही ती आधीच जागी होते. म्हणजे या बाबतीत ‘आधुनिक’ लुहरमन झेफिरेल्लीपेक्षा जुन्या वाटेवर आहे.

गावठी_समीक्षक
जुनं म्हणून चांगलं, हा तुमच्याच मूळ मुद्द्याच्या उलटा युक्तिवाद झाला की. शेक्सपिअरच्या हाताशी होतं ते आर्थर ब्रुकचं १५६२चं काव्य, त्यात ती उशिराच जागी होते आणि त्याने ते तसंच ठेवलं. दोघांची चुकामूक पूर्ण व्हायलाच हवी. शेवटची नजरानजर दिली की प्रेक्षकाला काहीतरी मिळतं. इथे काहीच मिळता कामा नये.

पानसुपारी
चुकामुकीवरून आठवलं. ज्युलिएट मेलेली नाही हे रोमिओला कळवणारी धर्मगुरूची चिठ्ठी का पोचत नाही? नाटकात निरोप्या साधूला साथीचा संशय असलेल्या घरात कोंडून ठेवतात. झेफिरेल्लीने त्याला गाढवावर बसवलं आणि रोमिओचा नोकर घोड्यावरून पुढे निघून जातो. लुहरमनने कुरिअरवाला आणला, त्याला रोमिओ दारात सापडत नाही. दोघांनीही साथ काढून टाकली! २०२०नंतर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही विलगीकरण कळतं. आता कुणी केला तर हा प्रसंग जसाच्या तसा चालेल.

अवांतर: ‘सैराट’ अजून कसा आला नाही?

तिसरी_घंटा
आणू नका. ‘सैराट’चा जीव जातीच्या उतरंडीत आहे. व्हेरोनाची दोन्ही घराणी, ज्युलिएटचं कॅप्युलेट आणि रोमिओचं माँटेग्यू, तोलामोलाची आहेत हे शेक्सपिअर पहिल्याच ओळीत सांगतो. भांडण कशावरून आहे हे तर कुणी सांगतच नाही आणि भीती त्याचीच वाटते. लुहरमन नेमका इथेच घसरतो. कॅप्युलेट लॅटिनो, माँटेग्यू गोरे! भांडणाला वंशाचं कारण मिळालं की ते समजण्यासारखं होतं. झेफिरेल्लीकडे पोशाखाचे रंग वेगळे, बाकी माणसं तीच. विंगेतून, याला काय म्हणाल?

विंगेतून
वंशाचा मुद्दा मान्य, तिथे त्याने नाटक सोपं केलंय. पण शेवटाचं काय? नाटकात दोन्ही बाप प्रेतांसमोर हात मिळवतात आणि लगेच एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायची भाषा करतात. पोरं गेली तरी ऐट सुटत नाही. झेफिरेल्लीने त्याची गंभीर, देखणी अंत्ययात्रा केली, दोन्ही घरं एकत्र चालतात आणि आपण डोळे पुसतो. लुहरमनने समेट दिलाच नाही. टीव्हीवरची बातमी संपते, पडद्यावर मुंग्या येतात.

तिसरी_घंटा
म्हणजे पुतळे दोघांनीही गाळले. मग इमान कुणाचं?

पानसुपारी
दोघांचंही नाही. पुतळे दाखवणारा सिनेमा कुणाला माहीत असेल तर नाव टाका, रविवार मोकळा आहे.