मदत हवी आहे: पोस्टपेड बिलाच्या वसुलीवाल्यांचे आईला रोज फोन, कसे थांबवायचे?

केवडा
तातडीने मदत हवी आहे. आईला फोनच्या बिलाच्या वसुलीसाठी रोज फोन येताहेत. बिल चुकीचं आहे हे कंपनीला सांगून झालंय, पण वसुलीवाले काही ऐकून घेत नाहीत. सकाळी आई पूजेला बसते तेव्हा सुरू होतात ते रात्री जेवण होईपर्यंत. दर वेळी नंबर वेगळा, म्हणून ब्लॉक करून काही होत नाही. काल एकाने "पुलिस लेके आयेंगे, पूरे बिल्डिंग को पता चलेगा" असं धमकावलं आणि खरंच सोसायटीच्या ऑफिसात फोन केला. सेक्रेटरींनी जिन्यात थांबवून आईला विचारलं, काही अडचण आहे का म्हणून. आई ६८ वर्षांची आहे, बोरिवलीला एकटी राहते. सेक्रेटरी माणूस भला आहे, पण आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ठाण्याला, नोकरी सोडून रोज तिच्याकडे जाऊन बसू शकत नाही.
पैसे भरून टाका असं कृपया कोणी सांगू नका. फोन कसे बंद करायचे तेवढंच सांगा.

खडूपाटी
ताई, रक्कम किती? मोबाईल की ब्रॉडबँड? कनेक्शन कोणाच्या नावावर आहे? आणि "सांगून झालंय" म्हणजे तोंडी की लेखी? तक्रारीचा डॉकेट नंबर मिळालाय का? याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

लोकल_८_१२
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, भरून टाका. माझं ब्रॉडबँडचं असंच झालं होतं. मोडेम परत केला तरी बिल येत राहिलं. भांडत बसलो, ऑफिसात फोन, सासऱ्यांना फोन. शेवटी भरले आणि सुटलो. आईच्या तब्येतीपेक्षा पैसे मोठे नाहीत.

केवडा
@लोकल_८_१२ आईच्या तब्येतीसाठीच विचारतेय. न वापरलेल्या गोष्टीचे पैसे का भरायचे?
@खडूपाटी ६,८४० रुपये. मोबाईल. कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या दुकानात, जाऊन सांगितलं, त्यांनी "हो जायेगा मॅडम" म्हणून सांगितलं. डॉकेट वगैरे काही दिलं नाही.

कोकणकडा
अहो, सरळ नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर फोन करता येत नाही. नातेवाईकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाका. माझ्या मेव्हण्याचं क्रेडिट कार्डाचं प्रकरण असंच मिटलं.

खडूपाटी
कोकणकडा, तो नियम बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांच्या कर्जवसुलीला आहे. टेलिकॉम कंपनी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. लोकपाल ही तक्रार दारातूनच परत पाठवेल. ताईंचे तेवढे दिवस फुकट जातील.

कोकणकडा
वसुली ती वसुलीच. नियमाचा हवाला दिला की एजंट घाबरतो, हा माझा अनुभव आहे. तुम्हाला काय फरक पडतो?

खडूपाटी
फरक असा पडतो की समोरचा रोज हेच काम करतो. त्याला नियम पाठ असतो. चुकीचा हवाला दिला की "इनको कुछ पता नहीं" म्हणून तो दुप्पट जोर लावतो.

दादरचीसून
१९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन बंद करायची सोय) सुरू करा. मी केल्यापासून प्लॉट विकणाऱ्यांचे फोन जवळजवळ बंद झाले आहेत. ॲपमधूनही होतं.

केवडा
डीएनडी आधीपासून आहे. हे जाहिरातीचे फोन नाहीत हो.

तुळस
एक विचारू? हे लोक पैसे कुठे भरायला सांगतात? कंपनीच्या ॲपवर की आणखी कुठे? आणि कनेक्शन नक्की कोणाचं, ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

केवडा
बाबांचं होतं. बाबा गेल्या वर्षी गेले. फॅमिली प्लॅन होता, मुख्य नंबर त्यांचा आणि आईचा त्यालाच जोडलेला. तेराव्यानंतर मृत्यूचा दाखला घेऊन गॅलरीत गेले, बाबांचा नंबर बंद करायला सांगितला आणि आईचा प्रीपेड करून घेतला. आईचा लगेच झाला. बाबांचा बंदच केला नाही, महिन्यामागून महिने भाडं लागत राहिलं. बिलं बाबांच्या ईमेलवर जात होती, तो आता कोण उघडणार? थेट वसुलीचे फोन आले तेव्हा कळलं. माझा प्रश्न फोनचा आहे म्हणून हे सगळं लिहिलं नव्हतं.
पैशांचं म्हणाल तर काल एकाने व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला. "आज के आज भरा तो आधा माफ." क्यूआरवर कुणा माणसाचं नाव येतं, कंपनीचं नाही.

तुळस
त्या क्यूआरवर एक रुपयासुद्धा भरू नका! आईंनाही आत्ताच फोन करून सांगा. खऱ्या थकबाकीच्या याद्या फुटतात आणि भलतेच लोक फोन करतात. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर 'चक्षू' म्हणून सोय आहे, तिथे तो नंबर आणि स्क्रीनशॉट टाका. पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीसाठीचा १९३० लावायचा असतो, तुमचे गेलेले नाहीत हे नशीब.

काळाकोट
वकिली करतो, ग्राहक आयोगात उभा राहतो. नंबर बाबांचा होता, यातच सगळं प्रकरण आहे. सविस्तर लिहितो.
फोनचं बिल थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी वाद आहे. त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. उलट धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१खाली गुन्हा आहे. सोसायटीत फोन करणाऱ्याचा नंबर, वेळ, बोललेले शब्द लिहून ठेवा, जमेल तेव्हा रेकॉर्ड करा आणि बोरिवलीच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली तरी तिची प्रत उपयोगी पडते.
मुख्य काम कंपनीकडे आहे. गॅलरीतलं तोंडी बोलणं कुठेच धरलं जात नाही. १९८ वर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या, तो एसएमएसने येतो. त्याच दिवशी ईमेल: मृत्यूचा दाखला, नंबर बंद करायला सांगितल्याची तारीख, आईचा नंबर प्रीपेड झाल्याचा मेसेज. हा शेवटचा पुरावा फार मोलाचा आहे. दाखला बघितल्याशिवाय त्यांनी आईचा नंबर वेगळा केला कसा? म्हणजे बाबा गेल्याचं त्यांना त्या दिवशी माहीत होतं. ईमेलमध्ये स्पष्ट मागा की वाद मिटेपर्यंत वसुली थांबवा आणि हे प्रकरण कोणत्या एजन्सीला दिलंय ते लेखी कळवा.
उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करायचं. फी नाही. त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायकडे (दूरसंचार नियामकाकडे) जाऊ नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष १०६३ वर आहे, तो मात्र कंपनीकडे पाठपुरावा करतो.

कोकणकडा
म्हणजे आईंची काहीच जबाबदारी नाही ना? कनेक्शन बाबांचं होतं. सरळ "ते वारले, आमचा संबंध नाही" सांगून फोन ठेवायचा.

काळाकोट
असं सरसकट म्हणता येत नाही. मृताच्या मालमत्तेतून वारसाच्या हाती जेवढं आलं, तेवढ्यापुरती वारसाची जबाबदारी असते. घर आईंच्या नावावर झालं असेल तर "संबंध नाही" हे वाक्य त्यांच्यावरच उलटू शकतं. त्यांनी "हे बिलच चुकीचं आहे" एवढंच धरून ठेवावं. माणूस गेल्यावर, दाखला दिल्यावर लावलेलं भाडं देणं कसलं?

लोकल_८_१२
आणि सिबिल, म्हणजे कर्ज-थकबाकीची नोंद? दूरसंचार कंपन्यापण तिथे माहिती देतात. पुढे आईंना कर्ज लागलं तर?

खडूपाटी
खातं बाबांच्या नावावर होतं, नोंद झालीच तर त्यांच्या नावावर होईल. तरी शंका नको. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आईंचा काढून बघा. चुकीची नोंद सापडली तर तिथे वाद नोंदवायचा आणि ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. कोकणकडा, हा नियम मात्र रिझर्व्ह बँकेचा आहे.

दादरचीसून
आमच्याकडे अजून एमटीएनएलची लँडलाइन आहे. सासऱ्यांच्या नावावरून बदलून घेतली होती. तेव्हा दादरच्या एक्स्चेंजमध्ये माणसाला भेटता यायचं, नाव घेऊन विचारता यायचं. आता बोलायचं कोणाशी तेच कळत नाही.

तुळस
तेव्हा लाइन मिळायला वर्षं लागायची, तेही आठवा. इथे नको पण हा विषय, ताईंचं राहून जाईल.

केवडा
काळाकोट, खूप खूप आभार. डॉकेट मिळालं, ईमेल केली. पण आज व्हॉट्सॲपवर "लोकअदालत नोटीस" आली आहे, मोठ्या लाल शिक्क्याची. हजर राहिला नाहीत तर वॉरंट निघेल असं लिहिलंय. आई रडतेय. हे खरं असतं का?

काळाकोट
लोकअदालतीतून वॉरंट निघत नाही. हा मजकूर घाबरवण्यासाठीच आहे. दूरसंचार कंपन्या दावापूर्व प्रकरणं लोकअदालतीत टाकतात हे मात्र खरं, म्हणून कागद तपासून घ्या. खरी नोटीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून येते. १५१०० वर विचारा.
खरी निघाली तरी तिथे तडजोड दोघांच्या संमतीनेच होते. गेलात आणि नाही पटलं तर "मान्य नाही" म्हणून परत यायचं. सही मात्र विचार करूनच. तडजोडीवर सही झाली की ती न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी होते आणि तिच्यावर अपील नाही. "अर्धं भरा, मिटवून टाका" म्हणत घाईघाईत सही घेतात, तिथे बरेच लोक अडकतात.
अजून एक. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आईंना तो हक्क आहे. मुद्दाम सांगतोय, कारण हे मागायला कोणी जात नाही.

लोकल_८_१२
हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आईंना फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून द्या. भांडणाला शब्द सुचत नाहीत त्या वयात.

केवडा
दिलं लिहून. "बिलावर वाद चालू आहे, डॉकेट नंबर अमुक. तुमचं नाव, एजन्सीचं नाव आणि कंपनीचं अधिकारपत्र पाठवा. पुढचं बोलणं मुलीशी." माझा नंबर खाली. आज सकाळच्या माणसाने एजन्सीचं नाव सांगितलं नाही, फोन ठेवला. दुसऱ्याने मला लावला, मी तेच सांगितलं. सेक्रेटरींना मी स्वतः भेटून आले. ते म्हणाले, पुन्हा फोन आला तर मला कळवा, अर्जावर साक्षीदार म्हणून मी सही करतो.
पण कंपनीचं उत्तर आलं: "तपासणीनंतर बिल योग्य आढळले, तक्रार बंद." दाखल्याचा उल्लेखसुद्धा नाही! माझा संताप झालाय.

खडूपाटी
संताप योग्यच आहे. आता अपील. दाखला पुन्हा जोडा. आधी पाठवलेला आहे म्हणून सोडू नका.

केवडा
अपील आत्ताच ऑनलाइन टाकलं, क्रमांक मिळाला. पोलिसांकडे अर्ज शनिवारी देणार. अपिलातही नाही म्हणाले तर पुढे काय? कोणी तरी म्हणालं की टेलिफोनची तक्रार ग्राहक न्यायालयात चालत नाही.

काळाकोट
ते जुनं झालं. २००९च्या एका निकालामुळे बरीच वर्षं तसं मानलं जायचं. १६ फेब्रुवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालते. ग्राहक वारल्यास त्याचे कायदेशीर वारस तक्रार करू शकतात, म्हणून तक्रारदार आई. त्या राहतात तिथल्या जिल्हा आयोगात करायची, तुमच्यासाठी मुंबई उपनगर, वांद्रे पूर्व. ऑनलाइनही होते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारीत बिल रद्द करण्याबरोबर सोसायटीत केलेल्या फोनबद्दल मानसिक त्रासाची भरपाई मागा, सेक्रेटरींची सही तिथेच उपयोगी पडेल.
त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करून ठेवा. बऱ्याच कंपन्या तिथे आल्यावर नमतात.

कोकणकडा
१९१५ मराठीत बोलतात का? माझ्या काकूंचं गॅस एजन्सीचं प्रकरण आहे, त्यांना हिंदी जमत नाही.

काळाकोट
हो, मराठी निवडता येतं. गॅसचं वेगळा धागा काढून लिहा, इथे मिसळायला नको. केवडा, अपिलाचा निकाल आला की इथेच टाका, आयोगाच्या तक्रारीचा मसुदा बघून देईन.